जुना फिल्म कॅमेरा आणि घरचं टेबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत स्वतःच्या हाताने करता येतील अशा फेरफारांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दुरुस्ती कुठे संपते आणि फेरफार कुठे सुरू होतो याची सीमा या छंदात फारशी कुणी पाळत नाही, म्हणून दोन्ही मिसळूनच आलं आहे.

सुरुवात कोणत्या कॅमेऱ्यापासून करावी?

जो मोडला तरी कुणाचं काही जाणार नाही अशापासून. जुने बॉक्स कॅमेरे, प्लास्टिकचे होल्गासारखे कॅमेरे, लाखोंनी बनलेले साधे एसएलआर (लेन्समधलं दृश्य आरशातून दाखवणारे कॅमेरे) हे सरावाला उत्तम. सगळे वेग नीट देणारा, काच स्वच्छ असलेला चांगला रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) करवतीखाली घालायचा विचार असेल, तर माझं मत विचारू नका. ते तुम्हाला आवडणार नाही.

कॅमेरा म्हणजे शेवटी तीन गोष्टी: अंधारी पेटी, लेन्सपासून फिल्मपर्यंतचं नेमकं अंतर आणि मोजून दिलेला वेळ. कुठलाही फेरफार यांपैकी कशाला तरी हात घालतो. पेच फिरवण्याआधी आपण कशाला हात घालतोय हे ठरवलं, तर पुढे काय तपासायचं तेही आपोआप ठरतं. आणि एकाच कामाचे दोन मार्ग असतील, तर ज्यातून मागे फिरता येतं तो आधी. टेप, फोम, अडॅप्टर, पेचाने बसवलेली पट्टी हे सगळं काढून कॅमेरा पूर्वीसारखा करता येतो. ड्रिल आणि कानस यांच्यात ती सोय नाही.

हत्यारं कोणती लागतात?

जपानी कॅमेऱ्यांतले फुलीचे पेच दिसायला फिलिप्ससारखे असले, तरी बहुतेक जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यांत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि पेचाची फुली झिजते. म्हणून बारीक जेआयएस स्क्रूड्रायव्हरचा संच ही पहिली खरेदी. लेन्सच्या कड्या उघडायला दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, आणि खाचा नसलेल्या नावाच्या कडीसाठी रबरी बूच किंवा रबराचं वर्तुळ. टोकदार चिमटा, उजेड, आणि पेच टेबलाखाली पळणार नाहीत असा कडा असलेला ट्रे.

रिवाइंडची किंवा फिल्म पुढे नेण्याच्या लिव्हरवरची कडी जोर लावूनही हलत नसेल, तर आणखी जोर लावू नका. तिचे आटे उलटे असू शकतात. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. लेन्सचं हेलिकॉइड, म्हणजे फोकस करताना फिरणारे आटे, सुटं करणार असाल, तर दोन्ही भाग ज्या बिंदूला एकमेकांपासून सुटतात तिथे खूण हवीच. त्या आट्यांना सुरुवातीची अनेक तोंडं असतात. चुकीच्या तोंडात लेन्स सहज फिरत जाते, पण अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंच्या फोकसवर, कधीच पोचत नाही.

गंजलेल्या नटबोल्टवर मारतात तो स्प्रे कॅमेऱ्यापासून लांब ठेवा. तो पसरतो, शटरच्या पात्यांवर जातो, आणि लीफ शटरच्या (लेन्समध्येच बसवलेल्या शटरच्या) पात्या पूर्ण कोरड्याच असाव्या लागतात. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे क्षणात चिकटणारा गोंद, काचेजवळ वापरू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर बसतो.

फ्लॅश असलेला कॅमेरा उघडणं धोक्याचं आहे का?

हो, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा इशारा हाच. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात, एकदाच वापरायच्या कागदी खोक्याच्या कॅमेऱ्यातसुद्धा. सेल काढल्याने तो रिकामा होत नाही. कॅमेरा बराच काळ पडून असला, तरी भरलेलाच आहे असं धरून चालायचं. कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये काही किलोओहमचा, दोन-तीन वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने धरून तो रिकामा करा, मग मल्टिमीटरने व्होल्टेज पाहा. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने ठिणगी उडते, टोकं जळतात, आणि हात बिथरतो. मल्टिमीटर नसेल तर फ्लॅशचा कॅमेरा उघडू नका.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट: जुन्या फ्लॅशगनच्या शूवर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या तिच्या पायावर, ट्रिगरचं व्होल्टेज २०० च्या पुढे असू शकतं. यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळतं.

फोटोंवर प्रकाशाचे डाग येतात. प्रकाश कुठून शिरतोय हे कसं शोधायचं?

कॅमेरा उघडण्याआधी निगेटिव्ह पाहा. ती जवळजवळ सगळं सांगते.

डाग फ्रेमच्या बाहेर, पर्फोरेशनच्या भोकांपर्यंत पसरला असेल, तर प्रकाश मागच्या झाकणातून आला आहे. डाग फ्रेमच्या चौकटीतच थांबत असेल, तर तो पुढून, म्हणजे लेन्सच्या बाजूने, शटरमधून किंवा घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्यातून आला. रंगीत निगेटिव्ह फिल्मवर रंगही बोलतो. मागून आलेला प्रकाश फिल्मच्या नारिंगी बेसमधून जातो, त्यामुळे प्रिंटवर तो तांबडा-नारिंगी दिसतो. पुढून आलेला पांढरट दिसतो. (मुद्दाम फिल्म उलटी भरून सगळा फोटो तांबडा करण्याची जी रेडस्केलची गंमत आहे, ती याच तत्त्वावर चालते. तिथे एक्सपोजर दोन-तीन स्टॉप वाढवावं लागतं; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट.)

मग जागा. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते. त्यामुळे फोटोच्या वरच्या भागातला डाग कॅमेऱ्याच्या तळाकडून आलेला असतो, आणि फोटोच्या उजव्या कडेचा डाग, कॅमेरा डोळ्याला लावल्यावर तुमच्या डाव्या हाताला असलेल्या बाजूने. डाग प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी आणि तेवढाच असेल, तर शटरच्या कापडी पडद्याला भोक असण्याची शक्यता मोठी. काही फ्रेमवर गडद, काहींवर नाहीच असं असेल, तर ज्या फ्रेमनंतर कॅमेरा उन्हात बराच वेळ पडून होता त्या आठवा.

खात्री करायला संशयाच्या जागेवर काळी टेप लावून अर्धा रोल काढा, टेप काढून उरलेला अर्धा. एवढ्याने उत्तर मिळतं.

कुजलेला फोम कसा बदलायचा?

मागच्या झाकणाच्या खोबणीतला आणि आरशाच्या वरचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. वर्षं उलटली की त्याचं डांबरासारखं चिकट काहीतरी होतं. काम अवघड नाही, फक्त चिवट आहे. लाकडी काडीचं टोक तिरकं कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब खोबणीत सोडा, थोडं थांबा आणि खरवडा. धातूचं टोक रंग ओरबाडतं, म्हणून लाकूडच बरं. एसएलआरमध्ये शटरच्या पडद्यावर कागद टेपने लावून ठेवा, नाहीतर चिकट कण पडद्याच्या पात्यांमध्ये जाऊन बसतात आणि मग खरी दुरुस्ती काढावी लागते.

खोबणीसाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा, बंद पेशींचा काळा फोम पट्ट्या कापून वापरा. अरुंद खोबणीत काळी लोकर दाबून बसवली तरी प्रकाश थांबतो; फोमआधीच्या काळात कॅमेऱ्यांत धागाच असायचा, आणि तो कुजत नाही. बिजागरीच्या बाजूला जास्त रुंद तुकडा लागतो. झाकण लावताना जोर लावावा लागला, तर फोम जाड झाला. तो झाकण उचलून धरतो आणि फिल्म सपाट दाबून ठेवणारी प्रेशर प्लेट तिच्यावर नीट टेकत नाही.

आरशाचा फोम मात्र वेगळा समजा. तो प्रकाश अडवण्यापेक्षा आरशाचा धक्का झेलतो. तिथे कठीण किंवा जास्त जाड तुकडा लावला तर आरसा पूर्ण वर जात नाही आणि फ्रेमची एक कड कापली जाते.

भात्याला भोकं पडली आहेत. नवा भाताच लागेल का?

लगेच नाही. अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण ओढा, आत छोटा टॉर्च पेटवा, घड्यांचे कोपरे पाहा. भोकं बहुतेक तिथेच असतात. लवचिक काळा कापडी रंग किंवा द्रव रबर बारीक ब्रशने आतून-बाहेरून पातळ थरात लावा, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत भाता उघडाच ठेवा. जाड थर दिला तर कॅमेरा मिटताना घडी मोडते. सगळेच कोपरे टॉर्चच्या उजेडात चमकत असतील, तर मात्र मलमपट्टी सोडा. नवा भाता काळ्या, प्रकाश न जाणाऱ्या कापडाच्या दोन थरांमध्ये कागदाच्या पट्ट्या चिकटवून घडवता येतो. पहिला प्रयत्न साध्या कागदावर करून घड्यांचं गणित जुळवा.

माझ्या कॅमेऱ्याला लागणारा पाऱ्याचा सेल मिळत नाही. काय लावू?

पीएक्स६२५ आणि त्याच्या भावंडांचं व्होल्टेज १.३५ होतं, आणि विशेष म्हणजे संपेपर्यंत ते जवळपास तेवढंच राहायचं. कॅमेरे बनवणाऱ्यांनी या स्थिरपणावर भरवसा ठेवून मीटरचं सर्किट साधं ठेवलं. पाऱ्याच्या विषारीपणामुळे १९९० च्या दशकात हे सेल बंद होत गेले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने त्यांची विक्री थांबली.

आधी तुमच्या कॅमेऱ्याला फरक पडतो का ते पाहा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये ब्रिज सर्किट आहे, त्यामुळे व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तरी मीटर बरोबर सांगतो. याशिका इलेक्ट्रो ३५ ला ५.६ व्होल्टचा सेल लागायचा, पण ६ व्होल्टचा सेल अडॅप्टरमध्ये घालून तो बिनबोभाट चालतो. ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआरटी १०१, कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ यांना मात्र १.३५ च हवेत.

अशांत १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर सुई जास्त वर जाते. मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि फोटो अंडरएक्सपोज होतो, म्हणजे त्याला उजेड कमी पडतो. आयएसओचा, म्हणजे फिल्मच्या गतीचा, आकडा बदलून भरपाई करावी असा सल्ला मिळतो. तो अर्धवट आहे. ही चूक उजेडात एक आणि सावलीत दुसरी असते, आणि अल्कलाइन सेलचं व्होल्टेज वापरागणिक उतरत जातं, म्हणजे महिन्याभराने भरपाईचा आकडाच चुकतो.

बरे मार्ग दोन. एक, श्रवणयंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल. व्होल्टेज साधारण १.४, आणि ते स्थिर राहतं. तो पीएक्स६२५ पेक्षा अरुंद असल्यामुळे भोवती रबरी कडी किंवा वॉशर घालून मधोमध बसवावा लागतो. त्याच्या भोकांवरचं स्टिकर काढलं की आत हवा जाऊन रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती थांबवता येत नाही, त्यामुळे काही आठवड्यांत सेल संपतो. सेलचं झाकण हवाबंद असेल, तर सेल गुदमरूही शकतो.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: १.५५ व्होल्टचा एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि त्याच्या मालिकेत एक शॉटकी डायोड. हा डायोड साधारण ०.२ व्होल्ट खातो आणि उरतात १.३५ च्या आसपास. सेलच्या ऋण टोकाकडून जाणाऱ्या तारेत तो झाळायचा, रेघेची बाजू सेलकडे. जागा असेल तर वरचं किंवा खालचं झाकण उघडून आत, नाहीतर सेलच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये. प्रवाह अगदी कमी असला तर डायोड कमी व्होल्ट खातो, म्हणून शेवटी दुसऱ्या भरवशाच्या मीटरशी उजेड, सावली आणि घरातला प्रकाश अशा तीन ठिकाणी ताडून पाहा.

सेलच्या खोबणीत हिरवा-पांढरा थर दिसला तर तो व्हिनेगरने भिजवलेल्या कापसाच्या काडीने काढा, मग अल्कोहोलने पुसा. तिथून जाणारी तार आतून काळी पडलेली असेल, तर ती बदलल्याशिवाय वरचं सगळं फोल आहे.

६२० रोलचा कॅमेरा मिळालाय. १२० फिल्म चालेल का?

फिल्म तीच आहे, कागदही तोच. वेगळा आहे तो स्पूल. १२० हा रोल १९०१ पासूनचा. कोडॅकने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ६२० आणला, त्याचा दांडा बारीक आणि कडेच्या चकत्या लहान. १९९५ मध्ये कोडॅकने ६२० बंद केला. कॅमेरे उरले, रोल गेला.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे १२० च्या प्लास्टिक स्पूलच्या चकत्या नेलकटरने छाटून लहान करायच्या. फिल्म सोडण्याच्या बाजूला काही कॅमेऱ्यांत तो बसतो, काहींत अडतो. गुंडाळून घेण्याच्या बाजूला ६२० चाच स्पूल हवा, कारण किल्लीची खाच वेगळी आहे. मी कातरकामाच्या बाजूने नाही. अडकलेला रोल उन्हात उघडावा लागण्यापेक्षा अंधारात थोडा वेळ गेलेला परवडतो.

अंधाऱ्या पिशवीत रोल दुसऱ्या स्पूलवर असा घ्यायचा. रिकामे ६२० स्पूल तीन कामांना लागतात: एक तात्पुरता, एक अंतिम, आणि तिसरा कॅमेऱ्यात गुंडाळी घ्यायला. अंतिम आणि तात्पुरता ही कामं झाली की तात्पुरताच कॅमेऱ्यात जातो, म्हणून प्रत्यक्षात दोनमध्ये भागतं. १२० चा रोल आधी तात्पुरत्या स्पूलवर घट्ट गुंडाळा. आता तो शेवटाकडून सुरू होतो, म्हणून पुन्हा एकदा अंतिम स्पूलवर घ्या. या दुसऱ्या फेरीत गंमत होते. फिल्म कागदाला एकाच टोकाला, सुरुवातीच्या बाजूला, टेपने चिकटलेली असते. तुम्ही सुट्या टोकाकडून गुंडाळत टेपपर्यंत पोचता तेव्हा तिथे फिल्मचा फुगा आलेला असतो. तो तसाच दाबला तर पहिल्या फ्रेमवर सुरकुती पडते. टेप अलगद उचला, फिल्म सपाट होऊ द्या, पुन्हा चिकटवा. टेप उपटताना अंधारात निळसर चमक दिसली तर दचकू नका, पण हळू उचला.

पहिल्यांदा हे वाया गेलेल्या रोलवर उजेडात करून पाहा, मग डोळे मिटून, मग पिशवीत. आणि रोल धुवायला देताना स्पूल परत हवा असं ठळक लिहून द्या. ते विसरलात तर कॅमेरा शोभेचा होतो.

१२० च्या कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म घालून भोकांसकट फोटो काढायचे आहेत.

छान दिसतात ते, आणि ६×९ च्या कॅमेऱ्यात लांबलचक पॅनोरमा मिळतो. ३६ फ्रेमच्या रोलमध्ये अशा चौदा-पंधरा फ्रेम बसतात, ६×६ मध्ये त्याहून जास्त.

कार्ट्रिज मधोमध राहावी म्हणून दोन्ही बाजूंना ठोकळे लागतात. ते थ्रीडी प्रिंटचे असोत वा फोमचे, फिरू नयेत एवढं पुरे. दुसऱ्या बाजूला १२० च्या स्पूलच्या मध्यावर फिल्मचं टोक टेपने चिकटवा. मागची लाल खिडकी काळ्या टेपने आतून-बाहेरून बंद करा. ३५ मिमीला मागे कागद नसतो, त्यामुळे लाल काचेतून येणारा उजेड थेट फिल्मवर पडतो.

खिडकी बंद झाली म्हणजे आकडे गेले. जुन्या रोलचा रिकामा कागद आधी कॅमेऱ्यातून चालवून एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत नॉबचे किती फेरे लागतात ते लिहून ठेवा. ३५ मिमीची गुंडाळी कागद आणि फिल्मच्या जोडीपेक्षा हळू जाड होते, म्हणून रोलच्या उत्तरार्धात फेरे थोडे वाढवायचे. फिल्म आधारासाठी रुळांवर टेकत नाही, ती मधे लेन्सकडे झुकते. छिद्र एफ/११ च्या आसपास ठेवा, म्हणजे ते झाकलं जातं. रोल संपल्यावर मागे गुंडाळायची सोय नाही. कॅमेरा अंधाऱ्या पिशवीतच उघडायचा.

छोट्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यात आयएसओ बदलताच येत नाही. मग पुश कसं करू, म्हणजे फिल्म लिहिल्यापेक्षा जास्त आयएसओवर कशी वापरू?

तो कॅमेरा कार्ट्रिजवरचे चंदेरी-काळे चौकोन वाचतो. हा डीएक्स कोड १९८३ पासून आहे. सहा चौकोनांच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत फिल्मची गती, दुसरीत फ्रेमची संख्या आणि एक्सपोजरची सूट, आणि दोन्ही ओळींचा पहिला चौकोन समाईक जोडणीचा. चंदेरी म्हणजे उघडा धातू, वीज वाहते. काळा म्हणजे रंग, वाहत नाही. म्हणून चंदेरी झाकायला इन्सुलेशन टेप आणि काळा उघडायला काचपेपर किंवा ब्लेड, एवढंच साहित्य.

आयएसओ १०० चा २०० करायला किंवा ४०० चा ८०० करायला गतीच्या ओळीतला एकच चौकोन बदलतो, समाईक चौकोनाला लागून असलेला. तो काळा असतो, तो खरवडायचा. बाकीचे फेर करायचे तर हव्या त्या गतीची कार्ट्रिज शेजारी ठेवून नक्कल करणं सगळ्यात खात्रीचं. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत सहाही पिना नसतात. ते फक्त १०० आणि ४०० ओळखतात, तिथे बारकावे वाया जातात. सगळा कोड झाकला तर बरेच कॅमेरे आयएसओ १०० धरतात.

होल्गासारख्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यात काय सुधारणा करता येते?

होल्गा १९८२ साली हाँगकाँगमध्ये आला. ६० मिमीची एका भिंगाची लेन्स, एफ/८ लिहिलेलं. जुन्या होल्गात ऊन आणि ढगाची खिट्टी फिरवली तरी छिद्रात काहीच फरक पडायचा नाही, कारण खिट्टीसोबत येणारं छिद्र मागच्या कायमच्या छिद्राहून लहान नव्हतं. काळ्या कागदात योग्य मापाचं छिद्र पाडून तिथे बसवलं की ही खिट्टी पहिल्यांदाच कामाची होते.

त्याहून उपयोगी म्हणजे फिल्म ताणणं. गुंडाळी सैल पडली की कडेने प्रकाश शिरतो. फिल्मच्या डब्याचा पुठ्ठा दुमडून नव्या रोलच्या स्पूलखाली दाबला की तो ब्रेकसारखं काम करतो. आतला चकचकीत भाग मॅट काळ्या रंगाने रंगवा. कॉन्ट्रास्ट लगेच वाढतो. पण सगळ्याच फटी बुजवल्या तर होल्गा घ्यायचा कशाला, हाही प्रश्न उरतोच.

लेन्सचं भिंग उलटं बसवलं तर काय होतं?

बॉक्स कॅमेऱ्यातलं एकच वक्र भिंग उलटं केलं, तर मध्यभाग बऱ्यापैकी स्पष्ट राहतो आणि कडा भोवऱ्यासारख्या विरघळतात. रशियन हेलिओस ४४-२, जी झाइसच्या बायोटारच्या रचनेवर बेतलेली आहे, तिचं पुढचं भिंग उलटवूनही असाच परिणाम काढतात. दोन्ही ठिकाणी अनंताचा फोकस सरकतो. बदल पूर्ण उलटवता येण्याजोगा आहे, म्हणून हौशी लोकांना सुरुवातीला मी हाच सुचवतो. भिंगाच्या कडेला पेन्सिलीने बाण काढून ठेवा.

एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसेल का?

सगळं अवलंबून आहे ते माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतच्या अंतरावर. एम४२ आणि पेंटॅक्स के मध्ये ते ४५.४६ मिमी, निकॉन एफ मध्ये ४६.५, कॅनन ईएफ मध्ये ४४, कॅनन एफडी मध्ये ४२, लायका एम मध्ये २७.८. लेन्सचं अंतर बॉडीच्या अंतराहून मोठं असेल, तर उरलेल्या जागेत अडॅप्टर बसतो. म्हणून एम४२ ची लेन्स कॅनन ईएफवर आरामात चालते. उलट, निकॉन एफवर ती लावली की अनंत जातं, मधे काच असलेला अडॅप्टर घातल्याशिवाय. एफडी लेन्स ईएफ बॉडीवर लावायची तर मागचं माउंट काढून पातळ माउंट बसवावं लागतं, आणि काही लेन्समध्ये मागचं भिंग आरशाला धडकतं. आरसा हळूच हाताने उचलून मागच्या भिंगाजवळून जातो का ते आधी पाहा.

फेरफारानंतर फोकस बरोबर आहे हे कसं तपासायचं?

मागचं झाकण उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या खुणेवर) उघडं धरा, आणि फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन रुळांवर दुधी काच किंवा खरखरीत प्लास्टिकचा तुकडा ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. बाहेरचे रूळ प्रेशर प्लेटचे असतात, त्यांवर ठेवलं तर मोजणी चुकते. लेन्स पूर्ण उघडी, अंतराची खूण अनंतावर, आणि दूरचा खांब भिंगातून पाहायचा.

याहून नेमकी पद्धत म्हणजे दोन कॅमेरे समोरासमोर. तपासायच्या कॅमेऱ्याच्या रुळांवर ओरखडा काढलेला निगेटिव्हचा तुकडा ठेवा, मागून उजेड द्या, लेन्स अनंतावर. समोर एसएलआर, त्यावर लांब फोकल लेंथची लेन्स, तीही अनंतावर. एसएलआरमधून पहिल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये पाहिलं की ओरखडा दिसतो. तो स्पष्ट असेल तर पहिल्या कॅमेऱ्याचं अनंत बरोबर. धूसर असेल तर लेन्स पुढे-मागे करत स्पष्ट करा आणि तिथे कडी घट्ट करा. एसएलआरचं स्वतःचं अनंत बरोबर आहे ना, हे दूरच्या वस्तूवर आधी पाहून घ्या.

बॉडी कॅपचा पिनहोल कसा करायचा?

लेन्स नसताना बॉडीवर लावतात त्या झाकणाच्या, म्हणजे कॅपच्या, मध्यावर मोठं भोक, त्यावर पातळ पितळी किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि पत्र्यात सुईने छिद्र. सुई आरपार ढकलायची नाही. टोकाने पुळी उठवायची, मागून बारीक काचपेपरने घासायची, पुन्हा टोचायचं. ४५ मिमीच्या आसपासच्या अंतराला ०.३ मिमी छिद्र योग्य, म्हणजे सुमारे एफ/१५०. एफ/१६ च्या तुलनेत हा साडेसहा स्टॉपचा फरक. आयएसओ १०० ला कडक उन्हात एक सेकंद लागतो. सावलीत वेळ वाढला की फिल्म हिशेबाप्रमाणे वागत नाही, जास्त वेळ मागते. त्या फिल्मच्या उत्पादकाचा तक्ता पाहा. छिद्राचं माप कळायला ते स्कॅनरवर जास्त रिझोल्यूशनने स्कॅन करा.

एकाच फ्रेमवर दोन एक्सपोजर घेण्यासाठी कॅमेरा उघडावा लागतो का?

बहुतेक यांत्रिक एसएलआरमध्ये नाही. रिवाइंडच्या खुंटीने फिल्म ताणून घट्ट धरा, तळाचं रिवाइंडचं बटण दाबा, आणि लिव्हर फिरवा. शटर चढतं, फिल्म जागेवर राहते. अर्धा-एक मिलिमीटर सरकते कधी कधी.

शटरचा वेग घरी मोजता येतो का?

मंद वेग मोबाइलच्या स्लो मोशनवर. २४० फ्रेम प्रति सेकंदाला एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदाची, म्हणजे १/३० ला आठ फ्रेम उजेड दिसायला हवा. १/१२५ च्या पुढे ही मोजणी निरर्थक. तिथे फोटोडायोड ऑडिओ इनपुटला जोडून, लेन्सच्या बाजूने टॉर्च मारून, आवाजाच्या लहरीत उजेडाची रुंदी मोजतात. फोकल प्लेन (फिल्मपुढे पडदे धावणाऱ्या) शटरचे वरचे वेग म्हणजे धावणारी फट असते, म्हणून फ्रेमच्या दोन्ही कडांना मोजा; एक कड जास्त उजळ निघाली तर पडद्यांचा ताण बिघडला आहे. ते स्प्रिंग घरी फिरवू नका, असं मी म्हणेन. १/१००० ऐवजी १/७५० मिळत असेल, तर निगेटिव्ह फिल्मला कळतही नाही.

पोलरॉइड एसएक्स-७० मध्ये ६०० फिल्म चालते का?

चालते. १९७२ चा हा कॅमेरा साधारण आयएसओ १६० साठी बनला आहे, ६०० फिल्म ६४० ची, म्हणजे दोन स्टॉप जास्त वेगवान. लेन्सवर किंवा पॅकवर उजेड कमी करणारा दोन स्टॉपचा एनडी फिल्टर लावा. पॅकच्या तळाला असलेले उंचवटे अडतात. त्याखाली पातळ कार्ड सरकवून पॅक आत ढकला, मग कार्ड काढा. सर्किटचे भाग बदलून कॅमेऱ्यालाच ६०० चा करता येतं, पण त्यासाठी सोल्डरिंगचा हात सराईत हवा.

लेन्स पिवळी पडली आहे. काच घासून चालेल?

मुळीच नाही. ५० मिमी एफ/१.४ सुपर टाकुमारसारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम आहे. किरणोत्सारामुळे काच आतून पिवळी होते, वरच्या पुसण्याने जाणार नाही. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवली की रंग बराच उतरतो. उन्हातही उतरतो, पण मागे अॅल्युमिनियम फॉइल लावा आणि सूर्य लेन्समधून कशावर एकवटणार नाही हे पाहा. त्याने आग लागते. काच फोडणं, घासणं, तिची धूळ करणं टाळायचं. नेहमीच्या वापरात ती त्रासाची नाही.

वरचं चामडं सुटलंय. बदलताना काय सांभाळायचं?

जुनं चामडं एका तुकड्यात निघालं तर तोच साचा, म्हणून कोपऱ्यापासून अल्कोहोल झिरपवत सावकाश उचला. तुटलं तर तुकडे कागदावर जुळवून स्कॅन करा. खाली पेच लपलेले असतात, त्यामुळे कॅमेरा उघडायचाच असेल तर नवं चामडं लावण्याआधी उघडा. दुहेरी चिकट टेप वापरलीत तर पुढच्या वेळी काढणं सोपं जातं.